‘क्लिओपात्रा’चे टपाल: एका अडकलेल्या महाचित्रपटाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण कशाचे आहे

‘क्लिओपात्रा’ हा चित्रपट १२ जून १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा वितरण आणि प्रसिद्धी धरून त्यावर सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर खर्च झाले होते. मूळ बेत मात्र सुमारे २० लाख डॉलरचा होता. या दोन आकड्यांमधले अंतर सहसा नायिका एलिझाबेथ टेलर हिच्या आजारपणाच्या आणि तिच्या प्रेमप्रकरणाच्या खात्यावर टाकले जाते. ती कारणे खोटी नाहीत. पण चित्रीकरण चालू असताना लिहिले गेलेले कागद वाचले की लक्षात येते, जे बिघडत होते ते जवळजवळ प्रत्येकाला वेळेवर कळत होते, ते लिहूनही ठेवले जात होते, आणि तरीही ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे १९६२ च्या उन्हाळ्यापर्यंत कोणालाच सांगता आले नसते.

हे कागद तीन प्रकारचे आहेत. निर्माता वॉल्टर वेंजर याची रोजनिशी. स्टुडिओच्या दोन प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी रोम आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान एकमेकांना लिहिलेली खासगी पत्रे. आणि दिग्दर्शक व स्टुडिओचे वरिष्ठ यांच्यातल्या तारा व पत्रे. पहिले दोन्ही ऐवज १९६३ मध्येच पुस्तकरूपाने बाहेर आले. त्यांवर विश्वास ठेवताना थोडे सावध राहावे लागते, कारण रोजनिशी छापणाऱ्या माणसाला स्टुडिओने दूर केलेले होते आणि पत्रे लिहिणाऱ्या दोघांचा व्यवसायच गोष्टी रंगवून सांगण्याचा होता. या लेखात त्या दोघांची नावे दिलेली नाहीत, कारण प्रकरण समजून घ्यायला त्यांची पदे पुरेशी आहेत.

पार्श्वभूमी

ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्स हा स्टुडिओ १९५० च्या दशकाच्या अखेरीस तोट्यात चालला होता. प्रेक्षक दूरचित्रवाणीकडे वळत होते आणि अध्यक्ष स्पायरोस स्कूरस यांना हमखास चालणारे काहीतरी हवे होते. स्टुडिओच्या कपाटात १९१७ च्या मूक ‘क्लिओपात्रा’चे बाड पडलेले होते, ते थोडे झाडूनपुसून घ्यावे आणि पगारी नटनट्या घेऊन मोजक्या पैशांत चित्रपट उरकावा, असा पहिला विचार होता. वेंजरच्या डोक्यात मात्र एलिझाबेथ टेलर होती. तिने दहा लाख डॉलर मागितले, काहीसे थट्टेने, आणि ती मागणी मान्य झाली.

करारातली एक अट पुढे फार महाग पडली. ठरलेल्या आठवड्यांपलीकडे काम गेले, तर तिला दर आठवड्याला ५० हजार डॉलर मिळायचे होते, शिवाय ढोबळ उत्पन्नात १० टक्के वाटा. म्हणजे उशीर कोणाच्याही चुकीने झाला तरी मीटर स्टुडिओचाच पडणार होता. असा करार करणाऱ्याने निदान कॅमेरा सुरू होण्याआधी पटकथा, हवामान आणि सेट या तिन्हींची खातरजमा करायला हवी होती. ती एकाचीही झाली नाही.

पहिला अपघात: पाइनवूड

ब्रिटनमध्ये चित्रीकरण केल्यास तिथल्या सरकारी योजनेतून अनुदान मिळत होते, म्हणून लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत उघड्यावर अलेक्झांड्रिया उभारण्यात आली आणि सप्टेंबर १९६० च्या अखेरीस काम सुरू झाले. इंग्लंडचा शरद ऋतू आणि इजिप्तचे ऊन यांचा मेळ बसणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पाऊस, धुके आणि थंडी यांनी दिवसच्या दिवस खाल्ले. नायिकेच्या केशभूषाकारावरून तिथल्या कामगार संघटनेशी वाद झाला तो वेगळाच. टेलर वारंवार आजारी पडत होती. दिग्दर्शक रूबेन मामुलियन यांनी जानेवारी १९६१ मध्ये राजीनामा दिला, तेव्हा सुमारे ७० लाख डॉलर खर्च झाले होते आणि हाती जेमतेम दहा-बारा मिनिटांची फिल्म होती, तीही पुढे वापरली गेली नाही. मार्चमध्ये टेलरला न्यूमोनियाने गाठले आणि श्वासनलिकेला छेद देऊन तिचा जीव वाचवावा लागला.

निर्णयाची पहिली जागा: थांबायचे की नव्याने सुरू करायचे

यावेळी स्टुडिओपुढे तीन वाटा होत्या. पहिली, विम्यातून मिळेल ते घेऊन चित्रपट गुंडाळणे. दुसरी, नायिका बदलणे. विमा कंपन्यांचा कल याच बाजूला होता आणि पर्यायी नावेही घेतली जात होती. तिसरी, टेलरलाच ठेवून दिग्दर्शक, पटकथा, इतर मुख्य कलाकार आणि जागा हे सगळे बदलणे.

स्कूरस यांनी तिसरी वाट धरली. पाठीमागून पाहताना तिला वेडेपणा म्हणणे सोपे आहे, पण प्रस्तुत लेखकाला तो निर्णय स्वतःपुरता चुकीचा वाटत नाही. मरणाच्या दारातून परतलेल्या टेलरविषयी लोकांना सहानुभूती होती, एप्रिल १९६१ मध्ये तिला ऑस्करही मिळाले, आणि स्टुडिओकडे विकण्यासारखे दुसरे नाव नव्हते. दिग्दर्शक म्हणून जोसेफ मँकिविट्स आले आणि त्यांना मिळवण्यासाठी स्टुडिओने त्यांची कंपनी ३० लाख डॉलरना विकत घेतली. पीटर फिंच आणि स्टीफन बॉइड यांच्या जागी रेक्स हॅरिसन सीझर झाले आणि रिचर्ड बर्टन अँटनी. बर्टनला ब्रॉडवेवरच्या चालू संगीतिकेतून सोडवून आणायचे ५० हजार डॉलर वेगळे पडले.

चूक झाली ती या निर्णयाला अट न जोडण्यात. मँकिविट्स यांना आधीची पटकथा अजिबात पसंत नव्हती आणि ती मुळापासून लिहायची होती. लेखक म्हणून त्यांचा लौकिक पाहता हे अपेक्षितच होते. पटकथा पूर्ण होईपर्यंत कॅमेरा चालणार नाही, एवढे एक वाक्य करारात असते तर पुढचे निम्मे टपाल लिहिलेच गेले नसते. पण भागधारक अस्वस्थ होते, काहीतरी चालू आहे असे त्यांना दिसायला हवे होते. २५ सप्टेंबर १९६१ रोजी रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत चित्रीकरण पुन्हा सुरू झाले, तेव्हा पटकथा साधारण अर्धी तयार होती.

मूळ अडचण: दिवसा चित्रीकरण, रात्री लेखन

इथे थोडे थांबून हिशेब समजून घ्यावा लागतो, कारण खर्चाचा खरा झरा इथे आहे. चित्रपट सहसा कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. एका सेटवर घडणारे सगळे प्रसंग एकत्र उरकले जातात, तो सेट मोडला जातो आणि त्या प्रसंगांपुरतेच बोलावलेले कलाकार घरी जातात. त्यासाठी शेवटच्या प्रसंगापर्यंत सगळे लिहून हातात असावे लागते. मँकिविट्स दिवसभर दिग्दर्शन करत आणि रात्री पुढचे प्रसंग हाताने लिहून काढत. या वेळापत्रकाला शरीर साथ देईना तेव्हा ते इंजेक्शनांवर उभे राहू लागले. लिहून झाले तेवढेच चित्रित होणार, म्हणून कथेच्या क्रमाने जाणे भाग पडले. सेट उभेच राहिले, वेशभूषा आणि जनावरे राखून ठेवावी लागली आणि करारबद्ध कलाकार रोमच्या हॉटेलांत भत्ता घेत बसून राहिले.

बर्टनचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. तो सप्टेंबर १९६१ मध्ये रोमला आला. टेलरबरोबरचा त्याचा पहिला प्रसंग चित्रित झाला २२ जानेवारी १९६२ रोजी, कारण कथेत आधी सीझर येतो आणि अँटनी त्यानंतर. चार महिने पगारी वाट पाहणारा नट ही अंदाजपत्रकातली साधी ओळ नव्हे; पटकथेच्या अपुरेपणाची ती पावती आहे.

वेंजरच्या रोजनिशीत या सगळ्याची नोंद आहे. निर्माता म्हणून ही गळती थांबवणे त्याचेच काम होते, असे वाचणाऱ्याला वाटते. पण पानागणिक लक्षात येते की त्याच्या सहीला किंमत उरलेली नव्हती. पैशाचे निर्णय हॉलिवूड आणि न्यूयॉर्कहून येत होते, सेटवरचे निर्णय दिग्दर्शक घेत होते आणि मधल्या माणसाच्या वाट्याला नोंदी ठेवणे आले होते. हॉलिवूडचे लोक रोमला यायचे, वाढलेले आकडे पाहून हबकायचे, काटकसरीच्या सूचना देऊन परत जायचे. मग त्याच आशयाची तार पुन्हा यायची.

प्रसिद्धी विभागाचा पेच

जानेवारी १९६२ च्या अखेरीस मँकिविट्स यांनी वेंजरला बोलावून सांगितले की टेलर आणि बर्टन हे कॅमेऱ्यापुढेच अँटनी-क्लिओपात्रा राहिलेले नाहीत. दोघेही विवाहित होते. इथून पुढे दोन प्रसिद्धी अधिकाऱ्यांच्या पत्रांना खरी धार चढते, कारण आता त्यांना एकाच वेळी दोन परस्परविरोधी कामे करायची होती: बातमी दाबायची आणि चित्रपटाविषयीचे कुतूहल जिवंत ठेवायचे.

पर्याय मोजकेच होते. गप्प बसावे, इन्कार करावा किंवा कबूल करावे. फेब्रुवारीच्या मध्यावर टेलरला इस्पितळात न्यावे लागले आणि अन्नातून विषबाधा झाल्याचे अधिकृत कारण दिले गेले. त्यानंतर लगेच बर्टनच्या बाजूने एक निवेदन निघाले, ज्यात त्याच्या आणि टेलरच्या संबंधांविषयीच्या अफवा फेटाळल्या होत्या. वरकरणी हा सावध पवित्रा होता. प्रत्यक्षात याहून वाईट दुसरे काही करता आले नसते. तोपर्यंत वर्तमानपत्रांकडे केवळ कुजबूज होती आणि बदनामीच्या दाव्याच्या भीतीने बरेच संपादक हात आखडून होते. निवेदन आले आणि त्यांना छापण्याजोगी, नावानिशीची, पूर्ण कायदेशीर बातमी मिळाली: अमुक यांनी तमुक अफवेचा इन्कार केला. अफवा आपोआप मथळ्यात गेली.

प्रसिद्धीच्या कामातला कोणताही अनुभवी माणूस हे आधीच सांगू शकला असता. पण ताऱ्यांचे खासगी प्रतिनिधी वेगळे, स्टुडिओचे रोममधले कार्यालय वेगळे आणि न्यूयॉर्कचे मुख्य कार्यालय तिसरेच; कोणतेही निवेदन एकाच हातून जाईल अशी व्यवस्थाच नव्हती. रोमच्या अधिकाऱ्याला जे डोळ्यांनी दिसत होते ते तो न्यूयॉर्कच्या सहकाऱ्याला खासगी पत्रात लिहीत होता, आणि न्यूयॉर्कचा सहकारी कोणत्या वरिष्ठाची खुर्ची डळमळते आहे ते रोमला कळवत होता. या पत्रांची गंमत आणि शोकांतिका एकच आहे. संपूर्ण परिस्थितीचे सर्वांत नेमके वर्णन कंपनीतल्या मधल्या फळीच्या दोन माणसांच्या पाकिटांत बंद होते, आणि ती पाकिटे संचालक मंडळाच्या टेबलावर जाण्यासाठी लिहिलेली नव्हती.

एप्रिलमध्ये टेलरच्या विवाहविच्छेदाचे जाहीर झाले आणि व्हॅटिकनच्या साप्ताहिकात तिच्यावर कडक टीका करणारे खुले पत्र प्रसिद्ध झाले. त्यानंतर क्लिओपात्राच्या रोमप्रवेशाचा भव्य प्रसंग चित्रित व्हायचा होता. हजारो इटालियन एक्स्ट्रा, मध्ये प्रचंड स्फिंक्सवर बसलेली टेलर, आणि ही माणसे आपली हुर्यो उडवतील अशी तिला वाटत असलेली धास्ती. रथ पुढे सरकला तसा जमावातून गजर उठला. संहितेप्रमाणे क्लिओपात्राचे नाव घ्यायचे सोडून लोक ‘लिझ, लिझ’ असे ओरडत होते आणि हवेत चुंबने फेकत होते.

प्रसिद्धी विभागाने ज्या गोष्टीला चार महिने घाबरून काढले, तीच चित्रपटाची सर्वांत मोठी जाहिरात ठरली. न्यूयॉर्कमध्ये लागलेल्या भल्या मोठ्या फलकावर आधी टेलर आणि बर्टन एवढेच दोघे होते. हॅरिसनच्या कराराची आठवण करून दिली गेल्यावर त्याचे चित्र बाजूला जोडावे लागले. सीझर झालेल्या नटाला फलकावर जागा मिळवायला करार काढून दाखवावा लागला, यावरून विक्री कशाची चालली होती ते कळते.

निर्णयाची दुसरी जागा: जून १९६२

१ जून १९६२ रोजी स्टुडिओचे वरिष्ठ रोमला आले आणि त्यांनी प्रथमच मुदती घातल्या. वेंजरला कामावरून दूर करण्यात आले, टेलरचे काम ९ जूनपर्यंत संपवायचे आणि महिनाअखेर सगळे चित्रीकरण बंद करायचे, असे ठरले. मोठ्या लढाया गाळण्याचीही तयारी होती. अखेर कोणीतरी ‘थांबा’ म्हणाले. पण ते इतक्या उशिरा की त्या शब्दाचा उपयोग उलटाच झाला. ज्या चित्रपटात कोट्यवधी डॉलर ओतून झाले आहेत, त्याचा सांगाडा जोडणारे दोन-तीन प्रसंग तेवढे वगळायचे, हा काटकसरीचा सर्वांत महाग प्रकार आहे. नायिकेची मुदत पाळता आली नाहीच.

मँकिविट्स यांनी जूनच्या अखेरीस पाठवलेली तार या संपूर्ण टपालातला मला सर्वांत स्वच्छ कागद वाटतो. तिच्यात आदळआपट थोडी आणि मुद्दा नेमका आहे: फार्सालसची (सीझरने पॉम्पेला हरवले ती) लढाई नसेल तर चित्रपटाच्या आरंभाला जबर धक्का बसेल, आणि फिलिप्पीची (सीझरच्या मारेकऱ्यांविरुद्ध अँटनी लढला ती) लढाई नसेल तर उत्तरार्धाला सुरुवातच राहणार नाही, कारण तिच्याशी जोडायचे तंबूतले प्रसंग आधीच चित्रित झालेले आहेत. हे शक्य नसेल तर आपल्या जागी दुसरा माणूस नेमावा, असेही त्यांनी कळवले. उपयोग झाला नाही. जुलैत इजिप्तमध्ये उरलेली दृश्ये घेऊन काम आटोपण्यात आले.

झानक आणि संकलनाचा वाद

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये स्कूरस पायउतार झाले आणि २५ जुलै १९६२ रोजी डॅरिल झानक अध्यक्ष झाले. त्या वर्षी कंपनीला जवळपास ४ कोटी डॉलरचा तोटा झाला. झानक यांनी हॉलिवूडमधला स्टुडिओ काही काळ जवळपास बंदच ठेवला आणि माणसे कमी केली.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी पॅरिसमध्ये पाच तासांहून लांब असलेले कच्चे संकलन पाहिले. मँकिविट्स यांचा प्रस्ताव होता की दोन चित्रपट करावेत, एक सीझर-क्लिओपात्राचा आणि दुसरा अँटनी-क्लिओपात्राचा. झानक यांनी तो नाकारला. लोकांना टेलर आणि बर्टन एकत्र पाहायचे आहेत. पहिल्या भागात बर्टन फारसा नाही, आणि दुसरा भाग येईपर्यंत हे प्रेमप्रकरण टिकेल याची हमी कोण देणार, असा त्यांचा व्यापारी युक्तिवाद होता. तो चुकीचा होता असे म्हणता येत नाही. मात्र त्यानंतर त्यांनी मँकिविट्स यांना पत्राने कळवले की ध्वनिमिश्रणानंतर त्यांची गरज राहणार नाही, आणि वर जाहीर निवेदन काढले: श्री. मँकिविट्स यांनी दोन वर्षे आणि भागधारकांचे साडेतीन कोटी डॉलर खर्ची घातले आहेत, त्यांनी विश्रांती कमावली आहे. पत्र खासगी असते तर एक वेळ सांधता आले असते. जाहीर टोमणा मागे घेता येत नाही. थोड्याच दिवसांत झानक यांच्या लक्षात आले की अर्धे लिहून आणि अर्धे मनात ठेवून चित्रित केलेले हे जंगल त्याच माणसाशिवाय कोणाला सुटणार नाही. मँकिविट्स यांना परत बोलवावे लागले.

निष्पत्ती

पहिल्या खेळाची लांबी ४ तास ३ मिनिटे होती. नंतर सर्वत्र दाखवण्यासाठी ती तीन तासांच्या थोडी वर आणण्यात आली. १९६३ च्या चित्रपटांत अमेरिकेत सर्वाधिक कमाई याचीच झाली, तरी खर्च निघाला नाही. १९६६ मध्ये एबीसी वाहिनीला ५० लाख डॉलरना दूरचित्रवाणी हक्क विकल्यावर तो बरोबरीत आला. नऊ नामांकनांपैकी चार ऑस्कर मिळाली: छायाचित्रण, कलादिग्दर्शन, वेशभूषा आणि दृश्य परिणाम यांसाठी. लेखन आणि दिग्दर्शन त्या यादीत नाहीत. १९६४ मध्ये फॉक्सने टेलर आणि बर्टन यांच्यावर ५ कोटी डॉलरचा दावा लावला.

वेगळे काय करता आले असते

करारातील आठवड्याच्या जादा मोबदल्याची अट आणि अपुरी पटकथा या दोन गोष्टी एकत्र येऊ द्यायला नको होत्या. दोन्हींपैकी एक सांभाळता आली असती. १९६१ चा उन्हाळा लेखनाला देऊन रोमचे काम सहा महिने पुढे ढकलले असते, तर भागधारकांच्या सभेत स्कूरस यांना अवघड प्रश्नांना तोंड द्यावे लागले असते, हे खरे. पण ते प्रश्न वर्षभराने आलेच, आणि तोपर्यंत उत्तर द्यायला त्यांची खुर्ची शिल्लक नव्हती.

प्रसिद्धीच्या बाबतीत सर्व निवेदने एका कार्यालयातून, एका सहीने जायला हवी होती, आणि फेब्रुवारीत मौन पाळणे हाच शहाणपणा होता. प्रकरण त्यामुळे झाकले गेले असते असे नाही. ते कोणत्या दिवशी आणि कोणत्या शब्दांत बाहेर पडेल, यावर थोडा ताबा राहिला असता एवढेच.

राहिला प्रश्न जूनच्या त्या तारेचा. ती वाचून वरिष्ठांनी दिग्दर्शकाशी बसून फक्त एवढे ठरवायला हवे होते की कोणते दोन प्रसंग गाळले तर कथा कोसळते, आणि सैन्य, सेट व वेशभूषा हाताशी असतानाच ते उरकायला हवे होते. त्यांनी दिग्दर्शकाचा हट्ट समजून तार फायलीत लावली. फेब्रुवारी १९६३ मध्ये स्पेनच्या अल्मेरियात नव्याने सैनिक जमवून फार्सालस चित्रित करण्यात आले. दिग्दर्शक मँकिविट्सच होते.